एकाच पुलावर टांगलेली लढाई: आस्पर्न-एसलिंग, 21-22 मे 1809

फ्रान्स आणि ऑस्ट्रिया यांच्यात व्हिएन्नाजवळ झालेल्या आस्पर्न-एसलिंगच्या लढाईची गोष्ट बहुतेक वेळा माणसांभोवती सांगितली जाते. नेपोलियनला उघड मैदानात बसलेला पहिला मोठा दणका, ऑस्ट्रियाचा सेनापती आर्चड्यूक चार्ल्सने हातात घेतलेलं निशाण, फ्रेंच मार्शल लानचा मृत्यू. हे सगळं घडलं. पण दोन दिवसांत दोन्ही बाजूंची मिळून चाळीस हजारांहून जास्त माणसं का पडली आणि फ्रेंचांना मागे का फिरावं लागलं, हे समजून घ्यायचं तर रणांगणापासून तीन-चार किलोमीटर मागे, डॅन्यूबच्या मुख्य पात्रावरच्या पुलाकडे पाहावं लागतं. लढाईचा निकाल तिथे लागला, आणि तो नशिबाने लागला असं म्हणणं चूक आहे. पूल तुटण्याचं प्रत्येक कारण आधीपासून समोर होतं.

पार्श्वभूमी

13 मे 1809 रोजी फ्रेंच सैन्य व्हिएन्नात शिरलं. ऑस्ट्रियाची राजधानी हाती आली, पण ऑस्ट्रियाचं सैन्य शाबूत होतं आणि डॅन्यूबच्या उत्तर काठावर होतं. माघार घेताना ऑस्ट्रियनांनी व्हिएन्नाचे पूल नष्ट केले होते. 1805 साली याच शहरात फ्रेंचांनी थाप मारून पूल आयता ताब्यात घेतला होता. या वेळी ती संधी त्यांना मिळाली नाही.

नेपोलियनला घाई होती, आणि तिला कारणं होती. इटलीच्या बाजूने ऑस्ट्रियाच्याच आर्चड्यूक जॉनची फौज परत येत होती, टिरोलमध्ये उठाव पेटला होता, आणि प्रशियाचा भरवसा नव्हता. जितका वेळ जाईल तितकी चार्ल्सची बाजू भक्कम होणार होती. शिवाय चार्ल्स काठापासून दूर गेला असावा असा फ्रेंचांचा समज होता. तसा तो गेला नव्हता. बिसामबर्गच्या टेकडीच्या आसऱ्याने त्याचं जवळपास 95 हजारांचं सैन्य उभं होतं.

पहिला प्रयत्न शहराच्या वरच्या अंगाला, नुसडॉर्फजवळ झाला. काही शे माणसं होड्यांतून पलीकडच्या बेटावर उतरवली गेली. त्यांच्या मदतीला कुमक पोहोचायच्या आत ऑस्ट्रियनांनी ती तुकडी संपवली. मग जागा बदलली, आणि शहराच्या खालच्या अंगाला कायझर-एबर्सडॉर्फ निवडलं गेलं.

जागेची निवड

आजची व्हिएन्नाजवळची डॅन्यूब सरळ बांधलेली आहे. ते काम 1870 ते 1875 या काळात झालं. 1809 साली ती अनेक फाट्यांची, वाळूच्या बेटांची, दर पुरात वळण बदलणारी नदी होती. कायझर-एबर्सडॉर्फसमोर पात्राचे तीन भाग पडत. दक्षिण काठापासून एका छोट्या बेटापर्यंत रुंद प्रवाह, तिथून लोबाऊ या मोठ्या झाडीच्या बेटापर्यंत दुसरा मोठा प्रवाह, आणि लोबाऊच्या पलीकडे उत्तर काठाला लागून जेमतेम शंभर-सव्वाशे मीटरचा अरुंद फाटा. पहिले दोन प्रवाह मिळून सातशे मीटरच्या आसपास भरत.

वरवर पाहता निवड उत्तम होती. लोबाऊ इतकं मोठं की हजारो माणसं, घोडे, तोफा त्यावर जमवता येतील, आणि झाडी इतकी दाट की समोरून काही दिसू नये. शत्रूच्या तोफांच्या टप्प्यात फक्त शेवटचा अरुंद फाटा ओलांडायचा. तो ओलांडण्यासाठी जिथे जागा धरली, तिथे उत्तर काठाची जमीन जिभेसारखी नदीच्या वळणात आत शिरली होती. तीन बाजूंनी लोबाऊवरच्या तोफा त्या जिभेवर मारा करू शकत, त्यामुळे तिथे उतरणाऱ्या पहिल्या तुकडीला संरक्षण मिळत होतं.

पण या निवडीत एक दोष होता, आणि पुढचं सगळं त्यातून निघालं. नदीचा वरचा भाग उत्तर काठावरून शत्रूच्या हाती होता. नावांच्या पुलाला समोरून येणाऱ्या शत्रूपेक्षा वरून वाहत येणाऱ्या वस्तूचा धोका जास्त असतो. ज्याच्या ताब्यात वरचा काठ, त्याला पुलापर्यंत पोहोचण्याचीही गरज नसते, नदी ते काम करते.

दुसरी गोष्ट ऋतूची. मे महिन्यात गोदावरी किंवा भीमेत पायाचे घोटेही भिजत नाहीत, त्यामुळे आपल्या वाचकाला हे चटकन ध्यानात येत नाही. डॅन्यूबचं पाणी व्हिएन्नापाशी आल्प्सच्या बर्फावर चालतं. इन नदी आणि तिच्या बहिणी मे ते जुलैमध्ये बर्फाचं पाणी आणून ओततात. म्हणजे उन्हाळ्याची सुरुवात हाच तिथे पुराचा काळ. ही माहिती काठावरच्या कुठल्याही नावाड्याला होती.

पूल कशाचा होता

पुलाचं काम तोफखान्याचा जनरल पेर्नेती याच्याकडे होतं. सैन्याबरोबरचं पूल बांधायचं नेहमीचं सामान पुरेसं पोहोचलेलं नव्हतं, म्हणून व्हिएन्नात आणि आसपास सापडलेल्या मालवाहू नावांवर काम भागवलं. मोठ्या दोन प्रवाहांवर 68 नावा आणि 9 तराफे लागले, म्हणजे साधारण दर नऊ-दहा मीटरला एक आधार. शेवटच्या अरुंद फाट्यावर लांड्सहुटला ऑस्ट्रियनांकडून हस्तगत केलेले 15 पाँटून (पुलासाठीच बनवलेल्या सपाट बुडाच्या नावा) आणि 3 लाकडी घोड्या (तळावर पाय रोवून उभे राहणारे लाकडी आधार) वापरल्या.

अशा पुलाची रचना सोपी असते. नाव प्रवाहाच्या दिशेने तोंड करून उभी करायची, नांगर वरच्या अंगाला टाकायचा, नावेवरून नावेवर लांब वासे टाकायचे, वाशांवर आडव्या फळ्या, आणि फळ्या सरकू नयेत म्हणून कडेने दाबाचे वासे दोरांनी आवळायचे. नदी पुलाला सतत खाली ओढत असते, आणि तो सगळा ताण दोर आणि नांगरावर येतो.

तिथेच कमतरता होती. पुरेसे नांगर मिळाले नाहीत. त्यांच्या जागी तोफगोळ्यांनी भरलेल्या पेट्या दोराला बांधून तळाला सोडल्या. नांगराचं काम वजनापेक्षा त्याच्या फाळामुळे होतं: ओढ आली की फाळ तळात रुततो, आणि ओढ वाढली की जास्त रुततो. पेटी रुतत नाही. ती फक्त वजनावर तग धरते, आणि ओढ वजनाला पुरून उरली की गोट्यांवरून घसरायला लागते. पाण्याची ओढ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दीडपट झाला तर ओढ सव्वादोनपट होते. शांत पाण्यात पुरेशी ठरलेली पेटी पुराच्या पाण्यात पुरणार नाही, हे गणित त्यातच होतं.

नावा एका मापाच्या नव्हत्या, ही दुसरी अडचण. लहान नाव तोफेच्या वजनाखाली जास्त दबते, मोठी कमी. शेजारच्या दोन नावा वेगवेगळ्या खोलीवर गेल्या की वाशांच्या टोकांवर पीळ येतो, दोर सैल होतात, फळ्या वाजायला लागतात. तराफ्यांची तऱ्हा आणखी वाईट. ते भिजतात, जड होतात, आणि प्रवाहाला नावेपेक्षा कितीतरी जास्त अडतात. घोड्या तर स्थिर उंचीच्या. पाणी चढलं की नावा वर उचलल्या जातात, घोड्या जागच्या जागी राहतात, आणि दोन्हींच्या सांध्यावर पुलाला पायरी पडते. दोन्ही काठांचे उतारही पाण्याखाली जातात आणि पूल नदीला अपुरा पडतो.

या सगळ्याला मिळून पूल एकच होता. राखीव नावा, राखीव वासे, वरच्या अंगाला वाहत्या वस्तू अडवणारी खांबांची रांग, साखळी, काहीही नव्हतं. छोट्या होड्यांतून माणसं वस्तूंना आकड्यांनी ओढून बाजूला वळवत, एवढाच बंदोबस्त. वाहून आलेल्या ओंडक्याला तो पुरतो.

एका पुलावरून किती माणसं जातात

ढोबळ हिशोब असा. 6 हजार पायदळाची डिव्हिजन चौघांच्या रांगांनी निघाली आणि प्रत्येक रांगेला एक मीटर धरला तर दीड किलोमीटर लांबी होते. तिच्या 12 तोफा आणि त्यांच्या दारूगोळ्याच्या गाड्या मिळून 36 वाहनं धरू, घोड्यांसकट प्रत्येकी 15 मीटर, म्हणजे आणखी अर्धा किलोमीटर. नावांच्या पुलावर ताल धरून चालू देत नाहीत, पूल झुलायला लागतो. स्वारांना खाली उतरून घोडे लगाम धरून न्यावे लागतात. मिनिटाला 50 मीटर वेग धरला तर दोन किलोमीटरची रांग चाळीस मिनिटांत सरते. गाडीचं चाक अडकणं, घोडा बुजणं, तुकड्यांमधली अंतरं हे जमेला धरून एका डिव्हिजनला एक तास.

म्हणजे पूल अखंड राहिला तर दिवसभरात साठ हजारांच्या पुढे माणसं नेता येतात. प्रत्यक्षात पूल 20 मेच्या दुपारी पुरा झाला, आणि 21 मेच्या दुपारी लढाई पेटली तेव्हा उत्तर काठावर 24-25 हजारच फ्रेंच होते. या दोन आकड्यांतला फरक म्हणजे पूल बंद असलेले तास.

घटनाक्रम

19 मे रोजी मोलितोरच्या डिव्हिजनची माणसं होड्यांतून लोबाऊवर गेली आणि बेट साफ केलं. पुलाचं काम लगेच सुरू झालं. 20 मेच्या दुपारी मोठ्या प्रवाहांवरचा पूल उभा राहिला, संध्याकाळी अरुंद फाट्यावरचाही झाला, आणि त्याच संध्याकाळी वरून सोडलेल्या एका जड नावेने मोठा पूल पहिल्यांदा तोडला. घोडदळाची एक डिव्हिजन मधोमध तुटली, अर्धी बेटावर, अर्धी दक्षिण काठावर. रात्रभर दुरुस्ती चालली.

हा पहिला इशारा अगदी स्वच्छ होता. शत्रूला जागा कळली आहे, पूल तोडायची युक्ती त्याला सापडली आहे, आणि पाणी चढतं आहे. लढाई सुरू व्हायला अजून जवळपास एक दिवस होता.

ऑस्ट्रियाच्या बाजूने हे काम कॅप्टन माग्डेबुर्ग या स्टाफ अधिकाऱ्याने चालवलं होतं. दगडांनी भरलेल्या नावा, पेटवलेल्या नावा, ओंडक्यांचे भारे आणि तरंगत्या चक्क्या त्याने प्रवाहात सोडल्या. या चक्क्या जरा जवळून पाहण्यासारख्या आहेत. त्या काळी डॅन्यूबवर पिठाच्या चक्क्या काठावर नसत, पाण्यात असत. दोन नावा समांतर उभ्या करायच्या, मोठ्या नावेवर जात्यांसकट लाकडी घर बांधायचं, आणि दोन नावांच्या मध्ये पाण्याने फिरणारं चाक बसवायचं. पाणी चढो वा उतरो, चक्की त्याबरोबर वर-खाली होते, चाक कायम सारख्याच खोलीवर राहतं. ही अख्खी इमारत नांगर तोडून सोडली की ती दोन नावांच्या रुंदीचा, जात्यांच्या वजनाचा हातोडा होते. ओंडका आकड्याने वळवता येतो. चक्की वळवायला होडीतल्या चार माणसांचं बळ पुरत नाही.

तोडमोड कशी होते तेही पाहू. जड वस्तू पुलाच्या दोन-तीन नावांवर आडवी येऊन बसते. धक्क्याने तिथला एखादा वासा मोडतो, पण खरं नुकसान त्यानंतर होतं. अडकलेली वस्तू प्रवाहाला भिंतीसारखी अडते आणि तिच्यावरचा सगळा दाब त्या दोन-तीन नावांच्या दोरांवर येतो. तिथल्या पेट्या घसरतात, पूल तिथे खाली वाकतो, वाक आला की शेजारच्या नावा तिरप्या होतात, तिरपी नाव प्रवाहाला जास्त अडते, आणि दोर एकामागून एक तुटत जातात. म्हणून अशा पुलात एक नाव जात नाही, दहा-वीस जातात, आणि त्या खाली वाहून गेल्यावर शोधून परत ओढून आणाव्या लागतात.

21 मेला सकाळी मार्शल मासेनाच्या कोअरचे (अनेक डिव्हिजनांच्या मोठ्या सैन्यविभागाचे) भाग, बुदेची डिव्हिजन आणि मार्शल बेसिएरचं घोडदळ उत्तर काठावर होतं. डावीकडे आस्पर्न, उजवीकडे एसलिंग, मध्ये दोन किलोमीटरच्या आतलं उघडं मैदान. गावं दगडी भिंतींची. आस्पर्नचं चर्च आणि त्याच्या भिंतबंद दफनभूमीने, आणि एसलिंगच्या जाड भिंतींच्या तीन मजली कोठाराने किल्ल्याचं काम केलं. त्या दिवशी पूल पुन्हा तुटला. दुपारी चार्ल्सच्या सैन्याच्या पाच मोठ्या रांगा मैदानाकडे येताना दिसल्या तेव्हा मागे फिरण्याचा विचार झाला. मग पूल जोडल्याची बातमी आली आणि टिकून राहायचं ठरलं.

आमच्या मते या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हा आहे, दुसऱ्या दिवशीचा हल्ला नव्हे. एका दिवसात दोनदा तुटलेला पूल ‘जोडला गेला’ ही बातमी ‘पूल टिकेल’ अशी वाचली गेली. पाणी उतरलेलं नव्हतं, वरचा काठ शत्रूकडेच होता, नांगर तेच होते. तिसऱ्यांदा तुटू नये म्हणून काहीही बदललेलं नव्हतं.

चार्ल्सचा डाव समंजस होता. शत्रूला ओलांडू द्यायचं, पण सगळ्यांना नाही. अर्धा इकडे, अर्धा तिकडे असताना घाव घालायचा, आणि त्याच वेळी पूल तोडत राहायचा. हिलर, बेलगार्ड आणि होहेनझोलर्न यांच्या रांगा आस्पर्न व मध्यावर, रोझेनबर्गच्या दोन रांगा एसलिंगवर, आणि मध्ये लिख्टेनश्टाइनचं घोडदळ. दुपारी अडीच-तीनच्या सुमारास आस्पर्नवर हल्ला सुरू झाला आणि रात्रीपर्यंत गाव अनेकदा हातोहात बदललं. बेसिएरच्या घोडदळाने मध्यावर पुन्हापुन्हा चढाया केल्या. ऑस्ट्रियन पायदळ बटालियनचे घट्ट गठ्ठे करून उभं होतं. या रचनेत ते हलूही शकत होतं आणि घोडदळाला आत शिरायला फट मिळत नव्हती. फ्रेंच चिलखती घोडदळाचा जनरल एस्पान्य या चढायांत पडला. संध्याकाळपर्यंत फ्रेंचांची संख्या 31 हजारांच्या आसपास गेली होती.

रात्री पूल तुटत-जुळत चालू राहिला. लानच्या हाताखालच्या डिव्हिजना आणि गार्डचे, म्हणजे नेपोलियनच्या खास सैन्याचे, भाग ओलांडून आले, आणि 22 च्या सकाळी उत्तर काठावर साठ हजारांच्या पुढे फ्रेंच होते. सातच्या सुमारास लानने मध्यावर हल्ला चढवला. उजवीकडे सें-इलेरची डिव्हिजन पुढे, बाकीच्या तिच्या डाव्या अंगाला पायऱ्यांनी मागे. ऑस्ट्रियन मध्य मागे सरकू लागला. चार्ल्सने त्साख रेजिमेंटचं निशाण हाती घेतल्याची प्रसिद्ध गोष्ट याच वेळची.

याच हल्ल्याला तडीस न्यायला मार्शल दावूची ताजी कोअर यायची होती, आणि ती दक्षिण काठावर पुलाच्या तोंडाशी उभी होती. सकाळी आठ-नऊच्या दरम्यान वाहत आलेल्या एका चक्कीने पूल असा फोडला की लवकर जोडण्याची आशा उरली नाही. दावूची माणसं पलीकडे राहिली. त्याहून वाईट म्हणजे दारूगोळा पलीकडे राहिला. लानला थांबण्याचा, मग हळूहळू मागे येण्याचा हुकूम गेला.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण ती वर्णनांत घाईने उरकली जाते. पुढे गेलेलं पायदळ थांबलं की ते सुरक्षित होत नाही, सर्वात जास्त उघडं पडतं. हल्ल्यासाठी केलेल्या दाट रांगा मैदानात उभ्या, समोर अडीचशेहून जास्त ऑस्ट्रियन तोफा, आणि उत्तर द्यायला फ्रेंच तोफा कमी आणि त्यांचे गोळे मोजून वापरायचे. फ्रेंचांचं बरंचसं नुकसान या उभ्या तासांत झालं. सें-इलेर जबर जखमी झाला आणि काही दिवसांनी वारला. दुपारनंतर तोफगोळा लानच्या गुडघ्यांवर आला. सर्जन लारेने एक पाय कापला, पण लान 31 मे रोजी गेला. नेपोलियनच्या मार्शलांपैकी लढाईतल्या जखमेने जाणारा तो पहिला.

एसलिंग गाव जवळजवळ गेलं होतं, फक्त कोठार बुदेच्या माणसांनी धरून ठेवलं. मूताँ आणि रॅप यांनी यंग गार्डच्या बटालियनांसह ते सोडवलं. ही मदत गावासाठी नव्हती. एसलिंग पडतं तर शेवटच्या फाट्यावरच्या छोट्या पुलाचा रस्ता बंद झाला असता आणि सगळं सैन्य नदीला पाठ लावून अडकलं असतं.

रात्री मासेनाने माघार सांभाळली. 23 मेच्या पहाटेपर्यंत सगळे लोबाऊवर आले आणि फाट्यावरचा पूल काढून घेतला गेला. काही सेनापतींचं मत होतं की सरळ दक्षिण काठावर परतावं. नेपोलियनने ते मानलं नाही. बेट सोडलं तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली असती, आणि जखमींना तिथेच टाकावं लागलं असतं. तो निर्णय बरोबर होता, पण त्याची किंमत बेटावरच्या माणसांनी मोजली. मोठा पूल नसल्याने हजारो जखमी उपाशीपोटी अडकले. लारेने मेलेल्या घोड्यांच्या मांसाचं सूप चिलखतांच्या पत्र्यांत शिजवलं आणि मिठाच्या जागी बंदुकीची दारू वापरली.

नुकसानीचे आकडे दोन्हीकडे वीस हजारांच्या पुढे, ऑस्ट्रियाचे तेवीस हजारांच्या आसपास. फ्रेंच सैन्याच्या अधिकृत बुलेटिनने 1,100 मृत आणि 3,000 जखमी छापले. ते कोणी खरे मानले नाहीत आणि आजही मानू नयेत.

ऑस्ट्रियाच्या बाजूचं अपुरेपण

चार्ल्सने संधी घालवली का, यावर बरीच शाई खर्ची पडली आहे. 23 ते 25 मे या काळात लोबाऊवरचं सैन्य दोन्ही बाजूंनी तोडलेलं, दारूगोळ्याविना, जखमींनी भरलेलं होतं. पण त्याच्यावर जायला चार्ल्सलाही तोच फाटा ओलांडायचा होता, चढलेल्या पाण्यात, आणि त्याच्या स्वतःच्या सैन्याचा चौथा हिस्सा पडला होता. लगेच पायदळ घालणं अवघड होतं, हे मान्य. तोफांनी बेट झोडपत राहणं आणि मोठा पूल पुन्हा जोडू न देणं एवढं मात्र शक्य होतं. पूल तोडायचं काम लढाईपुरतं, एका अधिकाऱ्याच्या हुशारीवर चाललं. लढाई संपली आणि तेही मंदावलं. फ्रेंचांनी थोड्याच दिवसांत पूल पुन्हा उभा केला.

सहा आठवड्यांनी केलेला दुसरा प्रयत्न

नेपोलियनने चूक कुठे झाली ते उघड बोलून दाखवलं नाही, पण जुलैच्या तयारीत तिचा प्रत्येक भाग दुरुस्त केलेला दिसतो. काम जनरल बर्त्राँकडे आलं. मोठ्या प्रवाहांवर नावांऐवजी तळात लाकडी खांब ठोकून पक्का पूल उभा राहिला. बुलेटिनच्या म्हणण्याप्रमाणे साठ कमानींचा, तीन गाड्या शेजारी-शेजारी जातील इतका रुंद. त्याच्या बाजूला पायदळासाठी खांबांचाच दुसरा अरुंद पूल, आणि तिसरा नावांचा. बुलेटिनच्या फुशारकीतून काही वजा केलं तरी तीन स्वतंत्र मार्ग होते ही गोष्ट खरी. खांबांच्या पुलाला नांगर लागत नाही, पाणी चढलं तरी तो खेचला जात नाही.

वरच्या अंगाला प्रवाहात खांबांची तिरपी रांग ठोकली, म्हणजे सोडलेली नाव किंवा चक्की तिथेच अडावी. तिरपी एवढ्यासाठी, की अडलेली वस्तू घसरत काठाकडे जावी. सरळ आडव्या रांगेवर ती साचते आणि शेवटी रांगच फोडते. गार्डचे नाविक कॅप्टन बास्तच्या हाताखाली हत्यारबंद होड्या घेऊन गस्त घालत. पुलांच्या तोंडांशी मातीचे मोर्चे झाले. लोबाऊ आणि आसपासच्या छोट्या बेटांवर शंभराहून जास्त जड तोफा बसल्या, त्यातल्या बऱ्याच व्हिएन्नाच्या शस्त्रागारातून आणलेल्या. बेटावर रस्ते, दारूगोळ्याची कोठारं, भट्ट्या, दवाखाने उभे राहिले. आता मोठा पूल तुटलाच असता तरी बेटावरचं सैन्य काही दिवस लढलं असतं.

सगळ्यात सुंदर काम शेवटच्या फाट्यावरचं. एक अख्खा पूल आधीच जोडून लोबाऊच्या काठालगतच्या एका आडव्या ओढ्यात लपवून ठेवला. वेळ आली की त्याचं एक टोक काठाला बांधायचं, दुसरं सोडायचं, आणि प्रवाहाने दरवाजा फिरवावा तसा तो पलीकडच्या काठाला नेऊन लावायचा. नाव-नाव जोडायला तास लागतात आणि तेवढा वेळ पूल बांधणारी माणसं गोळ्यांच्या माऱ्यात राहतात. इथे काम काही मिनिटांवर आलं. मेमध्ये जी नदी पुलाला ओढून तोडत होती, तिच्याच ओढीवर हा पूल फिरवला गेला.

जागाही बदलली. चार्ल्सने आस्पर्न, एसलिंग आणि ग्रोस-एन्झर्सडॉर्फच्या दरम्यान मोर्चे बांधले होते, त्यांचं तोंड लोबाऊच्या उत्तरेकडे. तिकडे जुन्या जागी मुद्दाम हालचाल दाखवली. खरं ओलांडणं 4 जुलैच्या रात्री, भर वादळी पावसात, बेटाच्या पूर्वेकडून झालं. एकाच वेळी अनेक पूल पडले, होड्यांतून आधी उतरलेल्या तुकड्यांनी पलीकडचा काठ धरला, आणि 5 जुलैच्या सकाळी ऑस्ट्रियन मोर्चे बाजूने उघडे पडले. दीड लाखाच्या आसपास फौज त्या दिवसात उत्तर काठावर आली. मे महिन्याच्या त्याच कालावधीत पंचवीस हजार आली होती.

यातून पुढची, 5-6 जुलैची वाग्रामची लढाई सोपी झाली असं नाही. 5 च्या संध्याकाळचा फ्रेंचांचा घाईचा हल्ला फसला, 6 तारखेला त्यांची डावी बाजू नदीच्या दिशेने रेटली जाऊन पुलांकडचा रस्ताच धोक्यात आला, आणि दोन दिवसांतली एकूण हानी सत्तर हजारांच्या पुढे गेली. 12 जुलैला झ्नाइमला शस्त्रसंधी झाली. पण त्या दोन दिवसांत पूल तुटला म्हणून कुठलाही हल्ला थांबवावा लागला नाही, आणि दावूची कोअर या वेळी पहिल्या दिवसापासून उत्तर काठावर, उजव्या बाजूला, आपल्या जागी उभी होती.